वादळ, क्रूझ जहाज आणि एक घातक संदेश

एका बाजूवर आडव्या पडलेल्या पांढऱ्या क्रूझ जहाजाचे छायाचित्र आणि त्याखाली ‘वादळाने उलटवले, कंपन्या लपवतात’ असे दावे करून शेवटी वरच्या डेकवर पळण्याचा सल्ला देणारा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. तो माझ्या आत्याने वाचला आणि येत्या सफरीत धोक्याचा भोंगा वाजला तरी मस्टर स्टेशनवर, म्हणजे प्रवाशांनी जमायच्या ठरलेल्या जागी, जायचे नाही, असे ठरवूनही टाकले. त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

ते छायाचित्र कोस्टा कॉन्कॉर्डिया या जहाजाचे आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ हे जहाज खडकावर आदळले, बाजू फाटून पाणी आत शिरले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या रात्री वादळ नव्हते. जहाज किनाऱ्याच्या नको तितके जवळ नेले गेले होते. हे छायाचित्र वादळाचा पुरावा म्हणून दाखवणे ही निव्वळ दिशाभूल आहे.

‘एवढे उंच जहाज वरून जड असते’ हा दावाही पोकळ आहे. इंजिने, इंधन आणि पाण्याच्या टाक्या तळाशी असतात, म्हणून कललेले जहाज पुन्हा सरळ होते. पाण्याखाली दोन्ही बाजूंना निघणारे स्टॅबिलायझरचे पंख हेलकावे कमी करतात.

‘कॅप्टन वेळापत्रकासाठी वादळात घुसतात’ या आरोपात मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. एरवी अंदाज पाहून मार्ग वळवला जातो किंवा बंदर गाळले जाते. पण मार्च २०१९ मध्ये व्हायकिंग स्काय हे क्रूझ जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडले आणि त्याची वीज गेली. चार जनरेटरपैकी एक आधीच बंद होता. उरलेले तीन टाक्यांतील वंगणतेल कमी असल्याने बंद पडले. त्या स्थितीत जहाजाने ट्रोम्सो बंदर सोडायलाच नको होते, असे नॉर्वेच्या तपास यंत्रणेने २०२४ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. जहाज खडकांवर आदळण्यापासून थोडक्यात बचावले, जवळपास पाचशे प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. तरीही ते उलटले नाही, कोणी दगावले नाही आणि दुसऱ्या दिवशी ते मोल्डे बंदरात पोहोचले.

खरा संताप येतो तो शेवटच्या ओळीचा: ‘भोंगा वाजताच लाइफजॅकेट घालून सर्वांत वरच्या उघड्या डेकवर पळा.’ जहाज डोलते तेव्हा सर्वांत मोठा झोका वरच्याच मजल्याला बसतो, शिवाय तिथे वारा आणि निसरडी फरशी. लाइफबोटी तिथे नसतातच. त्या बऱ्याच खाली, जहाजाच्या बाजूंना टांगलेल्या असतात. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकल्यावर मस्टर स्टेशनवर जायचे ते यासाठी की तिथे यादीनुसार माणसे मोजली जातात आणि कोण कमी आहे हे लगेच कळते. जो परस्पर वर पळाला, त्याला शोधण्यासाठी खलाशांना हलत्या जिन्यांवरून मजले पालथे घालावे लागतात, म्हणजे एकाच्या भीतीपायी इतरांचाही जीव टांगणीला लागतो. कोस्टा कॉन्कॉर्डियावर त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा मस्टर स्टेशनवर जमण्याचा सराव झालेलाच नव्हता. म्हणूनच १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे.