डाऊनटाइम कमी करा, मशीनला हात न लावता

मशीन बंद पडून राहतं तो वेळ म्हणजे डाऊनटाइम. मशीन बंद पडलं की नवखा माणूस मशीनकडे धावतो. तुम्ही रजिस्टरकडे धावा. भोसरीत बावीस वर्षं मेंटेनन्स करून मी एवढंच शिकलोय, आणि ते आज फुकट सांगतोय.

आधी हे ठरवा की ब्रेकडाऊन सुरू कधी झाला. मशीन सव्वानऊला थांबलं हे कबूल. पण ऑपरेटर पंधरा मिनिटं स्वतःच रीसेट दाबत बसला, मग सुपरवायझरला शोधायला गेला. सुपरवायझर मीटिंगमध्ये. मीटिंग कसली, तर डाऊनटाइमची. मग स्लिप फाडली, स्लिपवर सही झाली आणि फिटर मशीनपाशी पोचला साडेअकराला. म्हणजे ब्रेकडाऊन साडेअकराला सुरू झाला. त्यातून जेवणाची सुट्टी वजा. स्पेअर आणायला पोरगा मुंबईला नागदेवी स्ट्रीटला धाडला, तो वेळ परचेसच्या नावावर. मधे लाइट गेली, ती महावितरणच्या नावावर. रात्री नऊला मशीन चालू झालं आणि रजिस्टरला लिहिलं, चाळीस मिनिटं. यात एक अक्षर खोटं नाही. ऑडिटरला मी शपथेवर सांगू शकतो.

चाळीस मिनिटंही खुपत असतील तर त्यावर आणखी जालीम औषध आहे. आमचे शेठ एका सेमिनारला जाऊन ओईई शिकून आले. मशीन किती वेळ उपलब्ध होतं, किती वेगाने चाललं आणि त्यातला माल किती चांगला निघाला, या तिघांचा गुणाकार म्हणजे ओईई. ९० टक्के गुणिले ९५ टक्के गुणिले ९९ टक्के, आले साधारण ८५. जगात भारी कारखान्यांचा म्हणून हाच आकडा सांगतात. दुसऱ्या दिवशी आमच्या भिंतीवर हिरव्या रंगात ८५ लागला. आता या हिशेबात एक मखमली फट आहे. ज्या वेळेत मशीनला काम लावलेलंच नव्हतं, तो वेळ मुळात धरतच नाहीत. तेव्हा मशीन बंद पडलं रे पडलं, की प्लॅनिंगच्या माणसाला चहा पाजा आणि त्या मशीनचा आजचा प्लॅन काढून घ्यायला सांगा. काम दिलंच नव्हतं, तर बंद पडलं कसं म्हणता येईल? आमचं सर्वात जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन, एकदा तीन आठवडे आडवं होतं. त्या महिन्यात त्याचा ओईई शॉपमध्ये पहिला आला.

चेकशीट, म्हणजे मशीन रोज तपासल्याच्या टिक मारायचा तक्ता. त्याबद्दल फार सांगायला नको, तुम्हीही भरताच. एक मात्र सांभाळा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत एकाच पेनने एकतीस टिक मारताना हात सैल ठेवा, मधेच निळं पेन घ्या, एखाद्या खुणेवर ऑइलचं बोट उमटवा. आमच्याकडे एका ऑडिटरने विचारलं होतं, ‘तुमची सुट्टी गुरुवारी ना? मग चारही गुरुवारी स्लाइडवे ऑइलची लेव्हल कोणी बघितली?’ आमच्या साहेबांनी पापणी न हलवता सांगितलं, ‘मशीनला सुट्टी नसते, सर.’ ऑडिटरने ते डेडिकेशन म्हणून लिहून घेतलं.

टीपीएमचं, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सचं, तर काय सांगावं. १९७१ च्या सुमारास जपानात निप्पॉनडेन्सो नावाच्या कारखान्यात हे सुरू झालं आणि सेइची नाकाजिमा यांनी ते जगाला शिकवलं. त्यातली गोम अशी, की ऑपरेटरने आपलं मशीन रोज आपल्या हाताने पुसायचं. पुसता पुसता हाताला सैल बोल्ट लागतो, पाझरणारी सील लागते, गरम झालेलं बेअरिंग लागतं, आणि बिघाड व्हायच्या आधीच कळतो. कल्पना उत्तम आहे. पण पुसायला दहा मिनिटं लागतात आणि दहा मिनिटांत चार जॉब निघतात. म्हणून आम्ही पद्धत न घेता पोस्टर घेतलं. पोस्टर मात्र आम्ही रोज पुसतो.

आता पॅनेल, म्हणजे मशीनचं विजेचं कपाट. उन्हाळ्यात पॅनेलचा एसी बसला की दुरुस्त करू नका. दार सताड उघडा आणि समोर पेडेस्टल फॅन लावा. हवा खेळती राहते. कूलंटचा धूर आणि लोखंडाची बारीक पूडही खेळती राहते, ड्राइव्हच्या कार्डांवर काळी साय धरते, आणि रात्री उबेला पाल येऊन कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे आतल्या मोठ्या विजेच्या स्विचमध्ये, बसते. सकाळी धूर. मग भरायचा व्हाय-व्हाय फॉर्म. मशीन का थांबलं? शॉर्ट झालं. का झालं? पाल गेली. पाल का गेली? दार उघडं होतं. दार का उघडं होतं? इथे हात आखडता घ्या, कारण यापुढचा ‘का’ थेट शेठच्या केबिनमध्ये जातो. सरळ लिहा, ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं. आमच्या ऑपरेटरला पालींबाबत आतापर्यंत तीन ट्रेनिंगं झाली आहेत. पालींना एकही नाही.

बेल्ट तीन असतील तर तुटलेला एकच बदला. जुन्या दोन ताणलेल्या भावंडांमधे नवा सगळा भार एकटा घेईल आणि महिन्यात जाईल, पण बिल एकाचंच. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं असतं म्हणतात. सोडू नका, ते पाइपमधून हळूहळू हवेची वाट विजेने उघडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला पोचतं, वाया जात नाही.

बॅटरीची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो. एका मशीनच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात ‘बॅट’ अशी तीन अक्षरं लुकलुकायला लागली. कंट्रोलची मेमरी सांभाळणारा लिथियमचा सेल संपत आला की ती येतात. सेल वर्षाला बदलायचा, तोही कंट्रोल चालू ठेवून. मी मागणी टाकली. परचेसने तीन कोटेशन मागितली. दोन आली. तिसरं येईपर्यंत ऑपरेटरला त्या लुकलुकीचा त्रास व्हायला लागला म्हणून त्याने त्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं. दीड महिना सगळं शांत. मग बुधवारी रात्री, सुट्टी म्हणून, नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला.

शुक्रवारी सकाळी स्क्रीनवर लाल अलार्मची माळ. पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंगं, गेले, प्रोग्राम गेले, मशीनला स्वतःचं घर, म्हणजे मोजमाप सुरू करायची जागा, कुठे तेही आठवेना. बॅकअप होता, पण तो नोकरी सोडून चाकणला गेलेल्या पोराच्या लॅपटॉपमध्ये. पॅरामीटरची छापील यादी पॅनेलच्या दाराच्या कप्प्यात होती. काढली, तर त्यातल्या बऱ्याच पानांवर कुणीतरी वडापाव खाल्ला होता. सर्व्हिस इंजिनिअर मंगळवारी आला. तेलकट डागांमागचे आकडे तो उजेडात धरून वाचायचा, मी टाइप करायचो. ‘हा तीन की आठ?’ ‘आठ असेल.’ ‘असेल म्हणजे? अक्ष जाऊन आदळेल ना, काका!’ बुधवारी रात्री मशीन चाललं.

रजिस्टरला नोंद केली: बॅटरी बदलली, वीस मिनिटं. बाकी दिवस, नो प्लॅन. तिसरं कोटेशन त्यानंतरच्या सोमवारी आलं आणि ते सर्वात स्वस्त निघालं. परचेसने बचतीची नोंद घेतली.

वर्षातून एक दिवस मात्र मशीनला खरा मान द्या. खंडेनवमीला आम्ही सगळी मशीनं डिझेलने धुतो, चिप्स काढतो, जाळ्या साफ करतो, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. दर वर्षी त्या दिवशी कुठे ना कुठे सैल बोल्ट सापडतो, गळकी नळी सापडते. देवाचीच कृपा म्हणायची, पुसायला घेतलं की सापडतं. नारळ बेडच्या कोपऱ्यावरच फोडा. पाणी स्लाइडवेवर, म्हणजे टेबल ज्यांवर सरकतं त्या पट्ट्यांवर, सांडलं तर पुसू नका, तीर्थ आहे. गंज दिवाळीपर्यंत दिसत नाही.

बरं, थांबतो. आज बुधवार, जायच्या आधी उद्याच्या टिक मारून ठेवायच्यात.