सीतेची वेणी बांडगूळ नव्हे

उन्हाळा आला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो : ‘सीतेची वेणी हे बांडगूळ आहे. ते रस शोषून झाड मारतं, दिसेल तिथे उपटा. द्रौपदीमाला मात्र वेगळी, शुभ वेल. जंगलातून आणून कुंडीत लावा.’ हे वाचून लोक खरंच आंब्या-ऐनावरची ही आमरी, म्हणजे ऑर्किड, ओरबाडतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी नावांचं. सीतेची वेणी आणि द्रौपदीमाला ही एकाच फुलाची नावं, आणि ती वेलही नाही. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. रेटुसा म्हणजे बोथट, खाचेच्या टोकाची. पट्ट्यासारख्या जाड पानाचं टोक चाचपलं की ती खाच बोटाला लागते. सह्याद्रीत ही मे-जूनमध्ये फुलते, आसामात एप्रिलमध्येच. तिथे हिला कोपौ फूल म्हणतात, बोहाग बिहूला, म्हणजे आसामी नववर्षाच्या सणाला, नाचणाऱ्या मुली ती केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचं राज्यफूलही आहे. आपण वेणी म्हणतो, तेही तिथे केसांतच!

आता बांडगुळाचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिला एपिडेंड्रम या प्रजातीत घातलं होतं. त्या शब्दाचा अर्थच ‘झाडावर’. ती झाडावर राहते, झाडाचं खात नाही. वादळात पडलेली आंब्याची फांदी मी उलटीपालटी करून पाहिली आहे. आमरीची मुळं सालीला घट्ट चिकटलेली, पण सोडवल्यावर खाली साल शाबूत, एक भोकही नाही. त्याच फांदीवर बांडगूळ होतं. त्याच्या बुडाशी लाकूड गाठीसारखं फुगलेलं. बांडगूळ लाकडात घुसून पाणी ओढतं. आमरीच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, ते पावसाचं पाणी टिपतं. कोरड्या मुळावर पाणी शिंपडा, पांढरं मूळ बघता बघता हिरवं दिसू लागतं. ते हिरवेपण पानांसारखंच अन्न तयार करतं.

राहिली कुंडी. या मुळांना हवा लागते. मातीत दाबली की ती कुजतात. आणि जंगलातून उपटलेल्या रोपाची जागा लवकर भरून निघत नाही. हिचं बी धुळीइतकं बारीक, त्यात साठवलेलं अन्न नाही. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि पुढे फुलावर यायला काही वर्षं जातात.