समोरचा भिडू

मन्याचं पोरगं रात्रभर हेडफोन लावून व्हिडिओ गेममध्ये कुणाकुणाशी लढत बसतं. त्यावरून रविवारी कट्ट्यावर विषय निघाला. "सगळं त्या पाँगने सुरू केलं," असं मन्या म्हणाला आणि सुध्या उसळला.

"पाँग १९७२चं! एमआयटीत १९६२लाच स्पेसवॉर खेळत होते. दोन यानं, एक सुईसारखं, एक पाचरीसारखं. मधे तारा. तो दोघांनाही ओढतो. नेम धरायच्या नादात राहिलात की पडलात त्यात."

सुध्या लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेला होता, तेव्हा माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात स्पेसवॉर ज्यावर चालायचं तो पीडीपी-१ संगणक चालू अवस्थेत बघून आलाय. तेव्हापासून हे असं.

"केवढ्याचं मशीन?" दिल्या. जन्म बँकेत गेलाय त्याचा.

"१,२०,००० डॉलर."

"आणि त्यावर खेळत बसले!"

"रेल्वे मॉडेल क्लबातली पोरं ती. स्टीव्ह रसेल गेमचा प्रोग्राम लिहायची टाळाटाळ करत होता, म्हणे साइन-कोसाइन काढायचं तयार रूटीन नाही. ॲलन कोटॉकने थेट मशीन बनवणाऱ्या कंपनीतून ते रूटीन असलेली कागदी फीतच आणून हातात दिली. आता सांग निमित्त! ताऱ्याची ओढ डॅन एडवर्ड्सने घातली. आधी मशीनवरचेच स्विच खालीवर करत खेळायचे, कोपरं दुखायला लागली, तेव्हा कोटॉक आणि सॉन्डर्सने हातात धरायची खोकी बनवली."

"रसेलला काय मिळालं?"

"काही नाही. प्रोग्राम ज्याला हवा त्याने न्यावा."

"मग झालं तर," मन्या म्हणाला. "धंदा केला पाँगवाल्या बुशनेलने, नाव त्याचंच राहणार."

"त्याच बुशनेलने १९७१ला कॉम्प्युटर स्पेस आणलं. स्पेसवॉरचीच नक्कल, पण ताऱ्याची ओढ गायब, समोरचा भिडूही गायब. एकट्याने उडत्या तबकड्या पाडत बसा. चाललं बेताचंच."

इथे मला राहवलं नाही. पाँगमध्ये ना यान, ना तारा, नुसत्या दोन फळ्या आणि एक ठिपका. पण शेजारी उभा राहून डिवचणारा भिडू परत आला होता. स्पेसवॉरमधलं तेवढंच उचललं आणि तेवढ्यावरच पाँग चाललं, असं माझं मत. सुध्याला ते पटलं नाही, त्याला ओढच मोठी वाटते.

"एक सांग," दिल्या म्हणाला, "ती ओढ गोळ्यांनाही लागायची?"

सुध्या चुळबुळला. "नाही. तेवढं गणित मशीनला वेळेत झेपत नव्हतं."

"म्हणजे रडीचा डाव," दिल्या म्हणाला आणि सुध्याच्या खात्यावर आणखी एक कटिंग सांगितला.