"लोन 15 दिवसांत फुकट कॅन्सल होतं" म्हणे! नाही होत ओ

गेले आठ दिवस दुकानात रोज कोणतरी मोबाईल पुढं करून विचारतंय, हे खरंय का ओ. माझं नव्या पेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळं सोलापुरात फिरणारा प्रत्येक फॉरवर्ड कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतोच. तर हा असा आहे: "पर्सनल लोन मंजूर झाल्यावर 15 दिवसांत कुठलंही लोन फुकट कॅन्सल करता येतं, आरबीआयचा नियम आहे, प्रोसेसिंग फी परत मिळते, सिबिलवर काही दिसत नाही, आणि बँक ऐकत नसली तर पहिला हप्ता भरू नका, लोन आपोआप रद्द होतं."

शेवटचं आधी घेतो, कारण तेच सगळ्यात घातक आहे. हप्ता चुकवला की लोन रद्द होत नाही, थकतं. दंड लागतो, ऑटो डेबिट बाऊन्स झालं की तुमची बँकही चार्ज लावते आणि ते सिबिलला, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, जातं ते वेगळंच. हे कुणी लिहिलं बे?

आता 15 दिवस. हा आकडा कुठनं काढला देव जाणे. 2022 ला आरबीआयनं ऍप-वेबसाइटवरच्या डिजिटल लोनसाठी कूलिंग-ऑफ, म्हणजे दंड न भरता लोन परत करायचे सुरवातीचे दिवस, आणलं, तेव्हा 7 दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या लोनला किमान 3 दिवस होते. मे 2025 च्या निर्देशांत किमान 1 दिवस आहे, पुढं किती द्यायचे ते त्या कंपनीचं बोर्ड ठरवतं. म्हणजे तुमचे दिवस तुमच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे लोनबरोबर मिळणाऱ्या अटी-खर्चाच्या कागदात, लिहिलेले असतात, व्हॉट्सऍपवर नाही. आणि शाखेत जाऊन कागदावर सह्या करून घेतलेल्या लोनला हे कूलिंग-ऑफ लागू होईलच असं धरू नका, तिथं करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं.

"फुकट" म्हणाल तर खरा घोळ इथंच आहे. मंजूर होणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. नुसतं मंजूर झालंय, करारावर सही-ओटीपी काही केलेलं नाही, तर नको म्हणून मेल टाका, विषय संपला, जबरदस्ती कुणी करू शकत नाही. पण पैसे आले की मीटर चालू. आमच्या शेजारचे काका, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांनी ऍपवरनं 1 लाख घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची भिशी लागली, मग लोन कशाला. काका म्हणाले, पैशाला हात लावला नाही तर व्याज कसलं? पण व्याज हात लावण्यावर नसतं ओ, खात्यात किती दिवस होते त्यावर असतं. 18 टक्क्यानं 1 लाखाचं दिवसाला साधारण 49 रुपये, 2 दिवसांचे 99. त्यात प्रोसेसिंग फी 2 टक्के म्हणजे 2,000 आणि वर 18 टक्के जीएसटी 360, ते आधीच कापून 97,640 च खात्यात आले होते. परत करायचे मात्र पूर्ण 1 लाख आणि ते 99. म्हणजे खिशातनं 2,459 गेले. कूलिंग-ऑफमध्ये वेगळा दंड लावता येत नाही हे खरं, पण एकदाची वाजवी फी ठेवून घेता येते, फक्त ती स्टेटमेंटमध्ये आधी सांगितलेली पाहिजे. काकांच्यात ती लिहिलेली होती, बारीक अक्षरात. त्यांचे कूलिंग-ऑफचे दिवस 3 च होते. फॉरवर्डच्या भरवशावर बसले असते तर पुढं फोरक्लोजर चार्जही (मुदतीआधी लोन बंद करायचा) भरावा लागला असता.

सिबिलचं थोडक्यात: अर्ज केला तेव्हाची चौकशी रिपोर्टमध्ये राहते. लोन बंद केल्यावर क्लोज्ड दिसतंय का ते महिन्याभरानं बघा, एनओसी (काही बाकी नाही असं कंपनीचं पत्र) जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर तिच्याकडं लेखी तक्रार, 30 दिवस उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं, 14448 वर फोन करून विचारता येतं.

काकांचं एवढं सगळं करून मी निवांत बसलो होतो, तर ऑटो डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातनं हप्ता कापायची परवानगी, चालूच राहिलेला. तो मग काल बँकेत जाऊन बंद करून आलो, येताना काकांनी चहा पाजला.