लक्ष्मी विलास पॅलेस बकिंगहॅमच्या चौपट आणि अँटिलिया म्हणे झोपडी!

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असणार. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो अधूनमधून उगवतोच आणि मी आजवर गपचूप पुढे सरकायचे, कारण काकांशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण या वेळी चुलतबहिणीच्या मुलीने त्यातले आकडे जसेच्या तसे उचलून शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिले, वर काकांनी "बघा, याला म्हणतात मराठी वैभव" करून नातीच्या वहीचा फोटो सगळ्यांना पाठवला. आता पुरे झालं.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी, मेसेज साधारण असा आहे. जगातलं सगळ्यात मोठं खाजगी घर अंबानींचं नसून आपल्या गायकवाडांचं आहे. लक्ष्मी विलास पॅलेस 3,04,92,000 चौरस फूट, बकिंगहॅम पॅलेस 8,28,821 चौरस फूट आणि अँटिलिया फक्त 48,780. म्हणजे बकिंगहॅमच्या चौपट! खोल्या 170. अँटिलिया यापुढे झोपडी. महाराजांनी राणीवरच्या प्रेमापोटी स्वतःच्या पैशाने बांधला. राजे प्रजेसाठी जगायचे म्हणून प्रजेला राजवाडा कधी खुपला नाही, आजचे लोक मात्र श्रीमंतांची घरं बघून नुसते जळतात. मग पॅलेस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्याचा दावा, आणि शेवटी मराठी असाल तर दहा जणांना पाठवा.

आधी ते चौपट बघू, कारण यात गणित इतकं उघडं पडलंय की पाचवीतल्या मुलीने प्रोजेक्ट लिहिता लिहिता पकडायला हवं होतं. तीन कोटी चार लाखाला आठ लाख अठ्ठावीस हजाराने भागा. उत्तर येतं जवळपास 37. चार नाही, सदतीस! म्हणजे मेसेजचेच आकडे खरे धरले तर मेसेजचंच वाक्य खोटं ठरतं, आणि हे हजारो लोकांनी पुढे ढकललंय, बातम्यांच्या साइट्सनीसुद्धा हेच आकडे छापलेत, भागाकार कोणीच केला नाही.

बरं, 3,04,92,000 हा आकडा आला कुठून? एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्याला 700 ने गुणा. बरोब्बर 3,04,92,000, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. पॅलेसच्या मूळ आवाराबद्दल 700 एकर असंच सांगतात, आता ते कमी झालंय. तर हा राजवाड्याचा आकार नाहीच, अख्ख्या आवाराचा आहे, झाडं, हिरवळ, गोल्फचं मैदान, मोतीबागचं क्रिकेट ग्राउंड सगळं धरून. आणि बकिंगहॅमचा आकडा? 77,000 चौरस मीटर, तो सगळ्या मजल्यांचा मिळून बांधकामाचा आहे, त्यात बाग धरलेली नाही. बाग वेगळी, सुमारे 39 एकरांची. आवाराला आवार लावलं तर सतरा-अठरा पट होईल, कुठल्याच हिशेबात चौपट येत नाही. आणि एवढ्यावर थांबायचं नसेल तर खोल्यांचं बघा. बकिंगहॅममध्ये 775 खोल्या आहेत. मेसेज म्हणतो पॅलेसमध्ये 170. मग 3 कोटी चौरस फूट भागिले 170, एकेक खोली चार एकरांची झाली. महाराजांना रात्री पाणी प्यायला उठायचं म्हटलं तरी घोडा लागला असता.

आता अँटिलियाचे 48,780. या इमारतीचा प्लॉट आहे 4,532 चौरस मीटरचा. चौरस फुटात करा, 48,780 च्या आसपासच येतं. म्हणजे हा झाला जमिनीचा तुकडा. त्यावर उभी असलेली इमारत 27 मजल्यांची आणि 173 मीटर उंच आहे, एकूण बांधकाम साधारण 4 लाख चौरस फूट सांगितलं जातं, नुसत्या गाड्या लावायला सहा मजले आहेत. थोडक्यात, एकाचं शेत मोजलं, दुसऱ्याचं घर मोजलं आणि तिसऱ्याचा ओटा, आणि म्हणे आमचं शेत तुमच्या ओट्यापेक्षा मोठं.

झोपडी हा शब्द तर मला फारच लागला. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र ठरलेल्या कुटुंबाला 300 चौरस फुटांचं घर मिळतं, त्यासाठी लोक वर्षानुवर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढतात. आमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक वन बीएचकेचे हप्ते भरतायत. आणि आपण बसून ठरवतोय की अल्टामाउंट रोडवरचं ते घर झोपडी आहे, का तर आपल्याच एका राजाचं त्याहून मोठं होतं. अरे पण त्यातला एक फूट तरी तुमच्या नावावर आहे का?

जगातलं सगळ्यात मोठं घर म्हणायचं तर ब्रुनेईच्या सुलतानाचा महाल आहे, 1984 मध्ये बांधून झालेला, 1,788 खोल्या, 2 लाख चौरस मीटर. तो सरकारी आहे, खाजगी नाही म्हणाल तर म्हणा. पण मग बकिंगहॅम तरी कुठे राजघराण्याच्या खाजगी मालकीचं आहे?

राणीवरचं प्रेम. यात अर्धं खरं आहे हे नाइलाजाने मान्य करते. सयाजीराव तिसऱ्यांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई, लग्नानंतर चिमणाबाई. राजवाड्याचं नाव त्यांच्यावरून पडलं असं सांगतात आणि ते पटण्यासारखंही आहे. पण पायाभरणी झाली जानेवारी 1880 मध्ये, लग्नही त्याच महिन्यातलं. महाराजांचं वय तेव्हा सोळा. राज्याचे अधिकार हातात यायला डिसेंबर 1881 उजाडावं लागलं, तोवर कारभार दिवाण टी. माधवरावांकडे होता. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःच्या पैशाने राजवाडा बांधेल कसा? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा, 1875 मध्ये दत्तक आलेला, त्याच्याकडे स्वतःचे म्हणून होते काय! पैसा संस्थानाचा, आणि संस्थानाचं उत्पन्न मुख्यतः शेतसाऱ्याचं, म्हणजे शेवटी तो कुळंबी शेतकऱ्याच्याच घामाचा. आणि जिच्यासाठी बांधला म्हणता ती बाई 1885 मध्ये क्षयाने गेली, राजवाडा पुरा झाला 1890 मध्ये. आर्किटेक्ट मेजर मँटसुद्धा 1881 मध्येच गेला (कोल्हापूरचा न्यू पॅलेस त्याचाच बरं का), पुढचं काम चिझमने केलं. हे खरं म्हणजे किती सुंदर गोष्ट आहे सांगायला, पण फॉरवर्डला फक्त चौपट पाहिजे.

आता ज्या मुद्द्यावरून माझं डोकं फिरलं तो. प्रजेला राजवाडा कधी खुपला नाही.

कोणी विचारलं होतं प्रजेला? एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या शेतकऱ्याचं मत कोणी लिहून घेतलं? आणि गायकवाड म्हणजे फक्त सयाजीराव नाहीत. त्यांच्या आधीच्या खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करून घेतला होता, तो 2009 मध्ये दोह्याला लिलावात जवळपास 55 लाख डॉलरला गेला. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतून घेतल्या. हेही राजेच, हेही मराठीच, आणि मल्हाररावांना 1875 मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढलं ते गैरकारभाराचं कारण देऊन. इंग्रजांचा स्वार्थ त्यात होताच, पण म्हणून त्या तोफा लोककल्याणाच्या होत नाहीत. राजे प्रजेसाठी जगायचे हे सरसकट वाक्य बडोद्याच्या तीन राजांनाही पुरत नाही.

सयाजीरावांबद्दल मात्र मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. 1893 ला अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, 1906 पासून सगळ्या संस्थानात, गावोगावी लायब्रऱ्या, 1908 ला बँक ऑफ बडोदा. 1913 ला डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवणारी स्कॉलरशिप त्यांचीच. ही यादी फॉरवर्डमध्ये असती तर मीच दहा जणांना पाठवला असता. पण ही यादी नाही, चौरस फूट आहेत.

आणि घरांचाच विषय काढलाय तर त्याच बडोद्यातली एका घराची गोष्ट ऐका. ती आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलीय, दुसऱ्या कोणाची साक्ष काढायला नको. 1917 च्या सुमाराला परदेशातून शिकून ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि पहिला प्रश्न पडला राहायचं कुठे. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला जागा नाही. मग पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, वरच्या मजल्यावर, एकटेच, रोजचा दीड रुपया. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले, धर्मशाळा बाटवलीस म्हणून संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाले. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिश्चन मित्राला विचारलं, दोघांनी आपापल्या सभ्य भाषेत नाही म्हटलं. रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परत जायचं ठरवलं आणि मधले पाच तास काढले कमाठीबागेत.

700 एकरांचं आवार ज्या शहरात, त्या शहरात संस्थानाच्याच पैशाने शिकून आलेल्या, संस्थानाच्याच नोकरीतल्या माणसाला एक खोली मिळाली नाही. आता म्हणा प्रजेला खुपलं नाही. मला माहितीय लगेच उत्तर येणार, यात महाराजांचा काय दोष, दोष समाजाचा. ठीक आहे, मोठा दोष समाजाचाच. ती कमाठीबागही सयाजीरावांनीच 1879 मध्ये लोकांसाठी केलेली, तीच शेवटी उपयोगी पडली, हेही मान्य. पण अर्ज संस्थानाच्या कचेरीत अडकला होता, समाजाच्या नाही. मोठं घर असलेला राजा चांगला असू शकतो आणि तरी त्याच्या गावात माणूस उघड्यावर असू शकतो, या दोन गोष्टी एकदम डोक्यात ठेवायला जमत नसतील तर निदान तिसरी खोटी गोष्ट तरी पसरवू नका.

राहिलं ते जळणं. काकांचं हे आवडतं वाक्य, कोणी अँटिलियाबद्दल काही बोललं की "तुमच्याकडे नाही म्हणून पोटात दुखतं". 2011 मध्ये लंडनच्या टाइम्सला मुलाखत देताना अँटिलियाबद्दल रतन टाटाच बोलले होते, की एखाद्याला असं करावंसं का वाटतं याचं आश्चर्य वाटतं, क्रांत्या अशातूनच होतात, तिथे राहणाऱ्याने आजूबाजूला काय दिसतंय त्याचा विचार करायला हवा. नंतर संदर्भ सोडून छापलं असा खुलासा आला, तोही सांगून टाकते म्हणजे कमेंटमध्ये कोणी आणून आदळायला नको. पण टाटांच्या पोटात कशाने दुखलं असेल, वन बीएचकेच्या हप्त्याने?

लोकांना नुसतं घर मोठं आहे म्हणून खटकत नाही. तो प्लॉट करीमभॉय इब्राहिम ट्रस्टच्या खोजा अनाथालयाचा होता, 2002 मध्ये 21 कोटींच्या आसपास विकला गेला, धर्मादाय आयुक्तांनी परवानगी दिली, वक्फ बोर्डाने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर 2010 चं वीजबिल 70 लाखांच्या वर आल्याचं पेपरात छापून आलं होतं. यावर कोणी प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर कागदपत्रांनी देता येतं, बरोबर की चूक ते ठरवता येतं. "जळतोस" हे उत्तर नाही. आणि गंमत अशी की हाच मेसेज वरच्या अर्ध्यात अँटिलियाला झोपडी म्हणून खिजवतो आणि खालच्या अर्ध्यात अँटिलियावर बोलणाऱ्यांना जळकुटे म्हणतो. काका, एक काहीतरी ठरवा.

युनेस्कोचं एका ओळीत. वडोदऱ्याजवळ जागतिक वारसा यादीत आहे ते चांपानेर-पावागड, 2004 पासून. पॅलेस त्या यादीत नाही. पॅलेस बघायला मिळतो मात्र, तिकीट काढून, ऑडिओ गाइडही देतात. दरबार हॉलची मोझेक फरशी आणि म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं खरंच बघण्यासारखी आहेत. नातीला घेऊन जा, आणि तोवर तिच्या वहीतलं ते पान तेवढं बदलायला सांगा.