पाऊस पडल्यावर लगेच? नको!

‘पाऊस झाला की लगेच विल्यम क्रीक गाठा, लेक आयर भरलेलं दिसेल’ हे ऑस्ट्रेलियातल्या या खाऱ्या सरोवरावरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. ते सरोवर भरतं मुख्यतः दूरच्या क्वीन्सलँड राज्यातल्या पावसाने, आणि ते पाणी नद्यांमधून रमतगमत पोचायला कित्येक आठवडे लागतात. उलट सरोवराजवळच्या विल्यम क्रीक या छोट्या वस्तीलाच पाऊस झाला तर तिथल्या कच्च्या रस्त्याचा, ऊडनाडाटा ट्रॅकचा, चिखल होतो, रस्ता बंद! आम्ही ॲडलेडहून निघालो आणि दोन दिवस वाटेतल्या कूबर पीडी गावातच अडकलो. घरची थालीपीठं होती म्हणून निभावलं.

आणि हो, छोट्या विमानाचे पैसे आधीच बाजूला काढा. काठावर उभं राहिलं तर मीठच मीठ. पाण्याचे रंग आणि पेलिकनचे थवे वरूनच दिसतात.