तहान लागली की बोलेल?

‘ऑटिझम 90 दिवसांत बरा, डॉक्टर हे सांगणार नाहीत’ हा मेसेज मे महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं होतंच. मुद्दे चार: ऑटिझम मोबाइलमुळे होतो, लसीमुळे होतो, दूध आणि गहू बंद केले की जातो, आणि मूल खुणेने किंवा चित्र दाखवून मागत असेल तर देऊ नका, त्याने बोलायचा आळस वाढतो, तहान लागली की आपोआप बोलेल.

चौथ्यापासूनच सुरुवात करते, कारण तो माझ्या भाच्यावर करून पाहिला गेला.

भाचा साडेचार वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, अजून बोलत नाही. पाणी हवं असलं की पेल्याचं चित्र आणून हातात देतो. एवढं शिकायला त्याला सात महिने लागले. त्या दिवशी ताई कामावर होती. तिच्या सासूबाईंनी मेसेज वाचून चित्रं कपाटावर ठेवली आणि ‘पाणी म्हण, मग देते’ म्हणत बसून राहिल्या. नातवाच्या भल्यासाठीच, त्याबद्दल मला शंका नाही. त्याने चित्र शोधलं. मग त्यांचा हात धरून त्यांना माठापाशी नेलं. मग भिंतीवर डोकं आपटलं आणि रडून रडून तहानलेलाच झोपला. ताई साडेपाचला आली तेव्हा त्याचे ओठ सुकले होते.

अहो, हात धरून माठापाशी नेणं म्हणजे मागणंच की! अजून कसं मागायचं त्याने?

आणि आळस कसला? शब्द बोलायला श्वास, जीभ, ओठ एका वेळी जुळवावे लागतात, त्याआधी आपल्या आवाजाने समोरचा माणूस काहीतरी देतो हे उमगावं लागतं. घसा कोरडा पडून बिथरलेल्या मुलाला हे जास्त जमेल की कमी? चित्रांनी, खुणांनी बोलणं थांबतं का, हे मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून तपासलं, 2006 साली. भरवशाचा पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्के जणांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंसंच. संख्या लहान आहे, मान्य. पण मेसेजमधल्या दाव्यामागे तर एकही मूल नाही.

चित्र हातात आलं की आपण स्वच्छ ‘पाणी’ म्हणायचं आणि लगेच द्यायचं. दर वेळी. घरात करायचं ते एवढंच, आणि ते आजीला, आत्याला, शेजारणीलाही जमतं.

मोबाइलच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पडद्यापुढे बसवलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही, मग त्याचं बोलणं मागे पडू शकतं. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलंय. तेव्हा कमी कराच. पण ऑटिझम ही मेंदूच्या घडणीतली गोष्ट आहे, तिच्यात जनुकांचा वाटा मोठा आहे, आणि तिची सुरुवात जन्माआधीच होते. ‘तू मोबाइल दिलास म्हणून झालं’ हे ताईला ऐकवणं आता बंद करा.

लसीचं तर किती वर्षं सांगायचं? लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 मधला तो लेख 12 मुलांवरचा होता. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये तो मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरची नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांचा माग काढून 2019 मध्ये अहवाल आला: गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझमचा धोका वाढत नाही.

राहिलं दूध आणि गहू. ते सोडल्याने ऑटिझम जातो याला पुरावा नाही. एखाद्या मुलाला ते पचत नसतील तर ती वेगळी गोष्ट, ते बालरोगतज्ज्ञ तपासून सांगतील. भाचा तीनच गोष्टी खातो: दूध, चपाती आणि केळं. बाकी कशाचाही वास आला तरी त्याला ओकारी येते. मेसेज पाठवणाऱ्यांनी मला सांगावं, उद्यापासून त्याला काय वाढायचं?